घराघरांत गाणे नेणारे विष्णुबुवा



मागे एका पालकसभेनंतर दुसरीतल्या एका मुलीची आई माझ्यापाशी थांबल्या. मुलगी दिवसभर गुणगुणत असते. जेवताना, दप्तर भरताना, झोपताना तिचे गाणे चालूच. पण आमच्या घराण्यात कोणी गाणारे नाही, घराजवळ गाण्याचा क्लास नाही आणि आम्हाला सुरातले काही कळत नाही, तेव्हा हिचे काय करायचे, असा त्यांचा प्रश्न होता. मी त्यांना त्या वेळी थोडक्यात उत्तर दिले. पण घरी आल्यावर वाटले की हा प्रश्न एका आईचा नाही, आपल्यापैकी पुष्कळांचा आहे. गाणे हे गवयाच्या घरातच असते, आपल्यासारख्यांच्या घरात ते शोभत नाही आणि जमतही नाही, असे आपण धरून चाललो आहोत.

सव्वाशे वर्षांपूर्वी तर सगळा समाजच असे धरून चालला होता. ही समजूत मोडण्यासाठी एका माणसाने आपले सारे आयुष्य वेचले. त्यांचे नाव पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. या अंकात त्यांच्या जीवनाची ओळख करून देत आहे. विद्यार्थ्यांनी ती वाचावीच, पण पालकांनीही सवडीने वाचावी अशी विनंती आहे.

आपल्या गुलबर्ग्यातल्या मराठी घरांना गाणगापूर जसे जवळचे तशी नरसोबाची वाडीही जवळची. श्री नृसिंह सरस्वती वाडीहून गाणगापूरला आले ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. त्या वाडीच्या जवळच, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाच्या परिसरात कुरुंदवाड हे गाव आहे. तेव्हा ते पटवर्धनांचे एक छोटे संस्थान होते. वाडीजवळून वाहणारी कृष्णा पुढे कर्नाटकात येते आणि आपली भीमा तिलाच जाऊन मिळते. त्या कुरुंदवाडात 18 ऑगस्ट 1872 रोजी, श्रावणी पौर्णिमेला, विष्णूचा जन्म झाला.

वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. मूळ आडनाव गाडगीळ, पण पलूस गावावरून पलुस्कर हे नाव रूढ झाले. घरात श्रीमंती नव्हती, पण कीर्तनाचा नाद होता. टाळ, मृदंग, अभंग, आर्या, साक्या हे सर्व मुलाच्या कानावर जन्मापासून पडत होते. संगीताचा हा पहिला पाठ त्याला कोणी मुद्दाम दिला नव्हता. तो घरातच होता. पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण शेवटी आपल्याला येथेच परत यायचे आहे.

विष्णू शाळेत जात होता, इतर मुलांसारखा वाढत होता. दत्तजयंतीच्या उत्सवात फटाके उडत असताना एक फटाका त्याच्या चेहऱ्याजवळ फुटला, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते. डोळ्यांना मोठी इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेला नेले. बरेच प्रयत्न झाले, परंतु दृष्टी कायमची अधू झाली. पुस्तक वाचून शिकण्याची वाट जवळजवळ बंद झाली. आजच्यासारख्या सोयी तेव्हा नव्हत्या. नीट न दिसणाऱ्या मुलाने पुढे करायचे काय, हा आई-वडिलांपुढे केवढा मोठा प्रश्न असेल याची कल्पना करावी. उपचार करणाऱ्या डॉक्टर भडभडे यांनी मुलाचा आवाज आणि कान ओळखला आणि त्याला गाणे शिकवावे असे सुचवले. मिरजेचे संस्थानिक श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन यांचा आश्रय मिळाला, आणि विष्णू पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचा शिष्य झाला.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारे थोर गायक. ते स्वतः ही विद्या मिळवण्यासाठी तरुणपणी गावोगाव हिंडले होते, गुरूच्या घरी पडेल ते काम केले होते. त्या काळी गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी राहायचे, सेवा करायची आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा दोन शब्द, चार स्वर पदरात घ्यायचे. पुस्तक नाही, वही नाही, अभ्यासक्रम नाही. आज काय शिकवले जाईल आणि उद्या काय, हे शिष्याला माहीत नसे. विष्णूने मिरजेत या पद्धतीने मन लावून विद्या घेतली. पहाटेपासून तंबोरा घेऊन रियाज करावा, गुरूचे ऐकावे, ऐकलेले घोकावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. डोळ्यांनी साथ सोडली होती, म्हणून कान आणि स्मरणशक्ती हीच त्याची पाटी-पेन्सिल झाली.

मिरजेत असतानाची एक हकिकत त्यांच्या चरित्रात नेहमी येते. गावात एक समारंभ होता. संस्थानिकांच्या कृपेतला तरुण म्हणून विष्णूला आमंत्रण आले, परंतु त्याच्या गुरूंना आले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की बुवा कितीही मोठे असले तरी शेवटी गवई, त्यांना प्रतिष्ठितांच्या पंक्तीत कसे बोलवायचे. गुरूंचा हा अपमान त्याच्या मनाला फार लागला. गाणे सर्वांना ऐकायला हवे असते, पण गाणारा माणूस मात्र घरात नको असतो, हे त्याने त्या दिवशी पाहिले. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. वय अवघे तेवीस-चोवीस. दरबारात राहिले असते तर पोट भरले असते. त्यांनी मात्र संगीताला समाजात मान मिळवून द्यायचा, असा निश्चय केला.

त्यानंतर त्यांची भ्रमंती सुरू झाली. बडोद्याला राजघराण्याने त्यांचा सन्मान केला. पुढे काठियावाडात त्यांनी एक नवी गोष्ट केली. तोपर्यंत मैफल म्हणजे राजवाडा किंवा धनिकाचा दिवाणखाना. सामान्य माणसाला तेथे प्रवेश कुठला? विष्णुबुवांनी थोड्या पैशांचे तिकीट लावून सर्वांसाठी जलसा केला. ज्याला ऐकावेसे वाटेल त्याने तिकीट घ्यावे आणि मानाने बसून ऐकावे. आज आपल्याला यात नवल वाटत नाही, पण तेव्हा हे मोठे धाडस होते.

गिरनारला त्यांना एका साधूचा सहवास घडला आणि उत्तरेकडे जाऊन कार्य करण्याची प्रेरणा मिळाली, असे सांगतात. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे करीत ते पंजाबात पोचले. मथुरेत राहून त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला. कारण ख्यालांच्या बहुतेक चिजा ब्रज भाषेत असतात, आणि अर्थ न समजता केवळ शब्द घोकणे त्यांना पटत नव्हते. माझे स्वतःचे शिक्षण हैदराबादेत हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे मला त्यांच्या जीवनातला हा भाग विशेष आवडतो. एक मराठी माणूस दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात जातो, ती भाषा आदराने शिकतो, पुढे तुलसीदासांच्या रामचरितमानसावर प्रवचने करण्याइतकी आत्मसात करतो, आणि तरीही आपले मूळ विसरत नाही. आपण सीमाभागातली माणसे. घरी मराठी, दारी कन्नड, बाजारात दख्खनी उर्दू, शाळेत हिंदी-इंग्रजी असे आपले नेहमीचे जीवन आहे. विष्णुबुवांचे उदाहरण आपल्याला परके वाटायला नको.

5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले. राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर चालणारे हे संगीताचे विद्यालय होते. सुरुवातीला विद्यार्थीच येईनात. तरी बुवा ठरलेल्या वेळी विद्यालय उघडत, एकटेच तंबोरा घेऊन गात बसत आणि ठरलेल्या वेळी बंद करीत, असे सांगितले जाते. हळूहळू लोक येऊ लागले, विद्यार्थी वाढले.

या विद्यालयात गाणे शिकवण्याची रीतच बदलली. वर्ग ठरले, वेळ ठरली, अभ्यासक्रम ठरला, परीक्षा ठरल्या. अवघड विद्येचे लहान लहान पाठ पाडले गेले. आधी सरळ स्वर, मग अलंकार, मग छोटी चीज, मग राग. स्वर आणि ताल कागदावर लिहिण्यासाठी बुवांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. त्याच काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी आपली वेगळी स्वरलिपी केली. दोघे विष्णू, दोघांचे मार्ग निराळे, पण संगीताला पुस्तकातून घराघरांत नेण्याचे काम दोघांनी केले.

विष्णुबुवांनी पुष्कळ पुस्तके लिहिली आणि स्वतः छापवली. ‘राग प्रवेश’ ही त्यांची मालिका प्रसिद्ध आहे. परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते ‘संगीत बालप्रकाश’ आणि ‘संगीत बालबोध’. नावांवरूनच कळते की ती मुलांसाठी आहेत. ज्याला स्वतःला बालपणी पुस्तक डोळ्यांसमोर नीट धरता आले नाही, त्या माणसाने मुलांच्या हाती गाण्याचे पुस्तक दिले. मोठा झालेला गवई लहान मुलांसाठी लिहायला बसतो हे त्या काळी कोणाला कमीपणाचेही वाटले असेल. पण पाया मुलांपासूनच घालावा लागतो हे बुवांनी ओळखले होते.

‘महिला संगीत’ हे त्यांचे आणखी एक पुस्तक. त्या वेळी प्रतिष्ठित घरातल्या मुलीने किंवा सुनेने गाणे म्हणजे अब्रू जाण्यासारखे समजत. ओव्या, आरत्या, हळदी-कुंकवाची गाणी चालत, पण रागदारी नाही. बुवांनी स्त्रियांसाठी वर्ग काढले आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी या कामात त्यांना साथ दिली. घरातल्या आईला गाणे आले तर ते मुलांना आपोआप येईल, हे साधे गणित होते. चिजांमधले शृंगाराचे शब्द बदलून त्या जागी भक्तीचे शब्द घालण्याचे कामही त्यांनी केले. त्यामुळे वडीलधाऱ्यांसमोर, मुलाबाळांत बसून रागदारीतले पद म्हणण्याचा संकोच गेला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अलीकडच्या अभ्यासकांनी बुवांच्या कार्याची दुसरी बाजूही दाखवली आहे. संगीताला प्रतिष्ठा मिळवून देण्याच्या या चळवळीत ज्या मुसलमान उस्तादांनी आणि ज्या गायिकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या जिवापाड जपली, त्यांची जागा मागे पडली. ग्वाल्हेरची गायकी ज्या हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांची, त्यांच्या कंठातूनच ती वासुदेवबुवा जोशी, बाळकृष्णबुवा आणि विष्णुबुवांपर्यंत आली होती. ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यातली कव्वाली आणि शरणबसवेश्वरांच्या देवळातली वचने एकाच गावात ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी हे ऋण विसरू नये. थोर माणसाचा आदर करणे म्हणजे त्याच्या कार्यातले उणे न पाहणे नव्हे.

बुवा शिस्तीचे फार कडक होते. जलसा ठरलेल्या वेळी सुरू होणार म्हणजे होणार. विद्यार्थ्यांनी वेळेवर उठावे, नीटनेटके राहावे, व्यसनापासून दूर राहावे हा दंडक होता. गवई म्हणजे व्यसनी आणि लहरी माणूस ही समजूत त्यांना पुसून टाकायची होती. त्यांनी ‘उपदेशक वर्ग’ काढला. त्यात निवडक मुलांना नऊ वर्षे ठेवून घेत. राहणे, जेवण, शिक्षण सर्व विनामूल्य. शिकून तयार झालेल्या या तरुणांनी गावोगाव जाऊन संगीत शिकवावे अशी योजना होती. मिरजेचे विनायकराव पटवर्धन अगदी लहान वयात असे लाहोरला गेले. कुठे मिरज आणि कुठे लाहोर! आजच्या आई-वडिलांचा धीर होईल का?

1908 मध्ये बुवांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. तेथे काम फार वाढले. शेकडो विद्यार्थी, वाद्यांचा कारखाना, छापखाना आणि स्वतःची मोठी इमारत. पण इमारत कर्ज काढून बांधली होती. जलसे करून, गावोगाव फिरून बुवा कर्ज फेडीत होते, तरी ते फिटले नाही. शेवटी 1924 च्या सुमारास ती इमारत लिलावात गेली. वर्षानुवर्षांच्या कष्टांनी उभे केलेले डोळ्यांदेखत गेले. त्याआधीच त्यांचा ओढा रामभक्तीकडे वाढला होता. ते नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहू लागले. अंगात साधी वस्त्रे, मुखात रामनाम आणि रामायणाची गायनासह प्रवचने, असे त्यांचे उत्तरायुष्य गेले. काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गाणारे विष्णुबुवा देशाला परिचित होते, आणि महात्मा गांधींच्या प्रार्थनेतली रामधून ज्या चालीवर घरोघरी गायली जाते ती चालही त्यांच्याच नावाने सांगितली जाते.

आता त्यांच्या घराकडे वळते. हा भाग लिहिताना हात थबकतो. विष्णुबुवा आणि रमाबाई यांना बारा मुले झाली. त्यांतली अकरा लहानपणीच दगावली. एकच मुलगा वाचला, तो दत्तात्रेय. ज्या माणसाने देशभरातल्या मुलांसाठी गाण्याची पुस्तके लिहिली, त्याच्या स्वतःच्या घरातले अकरा कोवळे आवाज एकामागून एक थांबले. दर वेळी पुन्हा उठून वर्गात जाऊन दुसऱ्यांच्या मुलांना सा लावायला शिकवणे कसे जमले असेल? रमाबाईंनी काय सोसले असेल? चरित्रांत त्यांच्याविषयी फार थोडे लिहिलेले आढळते.

दत्तात्रेयाचा जन्म 28 मे 1921 चा. वडिलांचा सहवास त्याला जेमतेम दहा वर्षे मिळाला. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरज येथे विष्णुबुवांचे देहावसान झाले. तेव्हा त्यांना एकोणसाठावे वर्ष पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते. ज्या गावात विद्येला आरंभ झाला त्याच गावात शेवट झाला.

मुलाला पूर्ण तयार करण्याआधीच बाप गेला. पण बुवांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना जे दिले होते ते येथे परत आले. चुलतभाऊ चिंतामणराव, आणि बुवांचे शिष्य नारायणराव व्यास व विनायकराव पटवर्धन यांनी दत्तात्रेयाला जवळ घेऊन शिकवले. वयाच्या चौदाव्या वर्षी, 1935 मध्ये, त्याने जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गाऊन सर्वांना थक्क केले. हेच पुढचे पंडित द. वि. पलुस्कर. त्यांची भजने आजही अनेक घरांत सकाळी लागतात. 1952 च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटातली उस्ताद अमीर खाँ आणि त्यांची जुगलबंदी आजी-आजोबांना आठवत असेल. दुर्दैव असे की 26 ऑक्टोबर 1955 रोजी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तेही गेले.

विष्णुबुवांच्या शिष्यांची नावे आठवली तर त्यांनी कसे झाड लावले ते कळते. विनायकरावांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. पंडित ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे आचार्य झाले. प्रा. बी. आर. देवधर यांनी मुंबईत संगीत विद्यालय चालवले. पंडित नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले. तेथे ते रोजच्या प्रार्थनेत लहान-मोठ्या सर्वांकडून भजने गाऊन घेत. 1930 च्या दांडी यात्रेतही ते चालले. बुवांच्या निधनानंतर त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत ज्या परीक्षांना देशभरातली मुले बसतात, त्या याच मंडळाच्या.

आणखी एक धागा आहे. विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी 1939 मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. 1974 च्या ‘एक अनेक और एकता’ या मुलांच्या कार्टूनपटातले गीत त्यांनीच लिहिले. आमच्या पिढीने ते दूरदर्शनवर किती वेळा पाहिले असेल! पूर्ण पाठ असलेले ते गाणे आपल्यापर्यंत विष्णुबुवांच्या शिष्यपरंपरेतून आले आहे हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत होते?

तर पालकहो, विष्णुबुवांनी प्रत्येक मुलाला मोठा गवई करण्याचा ध्यास घेतला नव्हता. प्रत्येक शिकणाऱ्यातून तानसेन निघत नाही हे ते जाणून होते. गाणे समजणारे, गाण्यावर प्रेम करणारे कान घरोघरी तयार व्हावेत ही त्यांची खरी इच्छा होती. हे काम विद्यालयाआधी घरात होते. ते कसे करता येईल याविषयी शिक्षिका म्हणून माझा थोडा अनुभव सांगते.

आधी माझी एक चूक. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत स्नेहसंमेलनाचे समूहगीत मी बसवत होते. एका मुलाचा सूर सारखा बाहेर जाई. कार्यक्रम चांगला व्हावा म्हणून मी त्याला सांगितले की तू नुसते ओठ हलव. त्याने तसेच केले. त्यानंतर वर्गातल्या प्रार्थनेतही तो ओठच हलवू लागला. पुढे शाळा सोडून जाईपर्यंत त्याचा गाण्याचा आवाज मी ऐकला नाही. कार्यक्रमाला टाळ्या मिळाल्या, पण एक मूल कायमचे मुके झाले. आज मला ठाऊक आहे की लहान मुलाचा सूर सात-आठ वर्षांपर्यंत हळूहळू स्थिर होतो, आणि तो गाऊन गाऊनच स्थिर होतो. ज्याला गाऊच दिले नाही त्याचा सूर लागणार कसा? घरी कोणीही मुलाला तुझा आवाज चांगला नाही असे कृपया म्हणू नये. थट्टेतही नको.

दुसरी गोष्ट पट्टीची. वडील साधारण काळी एक-दोनमध्ये गातात, आई काळी चार-पाचमध्ये. मुलाचा आवाज आईच्या पट्टीजवळचा, कधी त्याहून उंच. आपण आपल्या सोयीने खाली गातो आणि मूल बेसूर आहे असे ठरवतो. मुलाला आधी गाऊ द्यावे आणि आपण त्याच्या पट्टीत जावे. ओरडून गायला लावू नये. पेटी किंवा तंबोरा नसेल तर मोबाइलवर तंबोऱ्याचा आवाज मिळतो. तो मंद लावून रोज पाच मिनिटे सा लावला तरी पुरे.

तिसरी गोष्ट क्रमाची, आणि ती बुवांच्या पुस्तकांतूनच शिकण्यासारखी आहे. सोपे आधी, अवघड नंतर. भूप रागात सा रे ग प ध हे पाचच स्वर आहेत, मुलांना ते चटकन जमतात. टाळी देत दादऱ्याच्या सहा आणि केरव्याच्या आठ मात्रा मोजणे हा तर खेळच आहे. भाकरी थापताना, कपड्यांच्या घड्या घालताना तो खेळता येतो. आपल्या कर्नाटकात ही दृष्टी फार जुनी आहे. पुरंदरदासांनी मुलांसाठी सरळी वरसे, जंटी वरसे आणि छोटी गीते अशी पायरी-पायरीची रचना केली, असे परंपरा मानते, आणि आजही कर्नाटक संगीत शिकणारे मूल तेथूनच सुरू करते. शेजारच्या कन्नड घरातली मुलगी दासांचे पद म्हणत असेल तर आपल्या मुलीला तेही शिकू द्या आणि आपला अभंग तिला शिकवा.

चौथी आणि शेवटची गोष्ट आपल्या भाषेची आहे. माझी शाळा हिंदी, कॉलेज हिंदी. मराठी मी शाळेत कधी शिकले नाही. तरी आज हा लेख मराठीत लिहू शकते आहे, कारण दिवेलागणीला आई शुभंकरोति म्हणवून घेत असे, आजी दळताना शिकलेल्या ओव्या मिक्सर चालू असतानाही म्हणत असे, आणि गणपतीत आरत्या तोंडपाठ झाल्याशिवाय प्रसाद मिळत नसे. व्याकरण मी पुढे शिकले, भाषा मला गाण्याने दिली. 1956 साली आपला जिल्हा म्हैसूर राज्यात आला, 2014 मध्ये गावाचे नाव कलबुर्गी झाले. आपण येथलेच आहोत आणि येथेच राहणार आहोत. आपल्या नातवंडांच्या तोंडात मराठी राहील की नाही, हे एकट्या शाळेच्या हातात नाही. घरात संध्याकाळी गाणे राहील तर भाषा राहील.

म्हणून यंदा शाळेने एक छोटा उपक्रम ठरवला आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक गाणे शिकून यावे. ओवी, पाळणा, आरती, अभंग, भुलाबाईचे गाणे, काहीही चालेल. कन्नड किंवा उर्दू घरातल्या मुलांनी त्यांचे आणावे. ज्यांच्या घरी आजी-आजोबा नाहीत त्यांनी शेजारच्या आजींना विचारावे. दर शनिवारी प्रार्थनेनंतर दोन मुले आपले गाणे म्हणतील. क्रमांक दिले जाणार नाहीत, बक्षीस नाही आणि नुसते ओठ हलवण्याची परवानगीही नाही.

त्या दुसरीतल्या मुलीच्या आईंना माझे उत्तर एवढेच आहे. क्लास मिळेल तेव्हा मिळेल. आज रात्री तिच्याजवळ बसा, ती जे गुणगुणते आहे ते पूर्ण ऐका, आणि तुम्हाला येत असेल ते एक गाणे, जसे येईल तसे, तिला म्हणून दाखवा. विष्णुबुवांच्या घरीही सुरुवात अशीच झाली होती.